गिरगिटाचा सौदा आणि व्यापाऱ्याची अमानत

कापडाच्या धंद्यात माल खराब निघाला तर त्यावर उपाय असतो. थानात तार तुटलेली निघाली, रंग उतरला, पन्हा कमी भरला, तर गिऱ्हाईक माल परत आणते. आम्ही तो बदलून देतो, नाहीतर पैसे कमी करतो. नुकसान होते, पण ते वहीत लिहिले की संपते. जिवंत मालाचे तसे नाही. दुकानातून गेलेला प्राणी महिनाभराने मेला, तर पैसे परत देऊन तो जिवंत होत नाही. त्याला झालेल्या त्रासाची नोंद आमच्या वहीत नसली तरी दुसऱ्या एका वहीत ती होते, यावर आपल्या सर्वांचा ईमान आहे.

शौकासाठी पाळायच्या प्राण्यांच्या व्यापारात आपल्या समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात पक्षी आणि मासे विकणारे आपले कितीतरी बंधू आहेत. पूर्वी या धंद्यात कबुतरे, कोंबड्या आणि रंगीत मासे एवढाच माल असे. आता गिऱ्हाईक परदेशी सरडे मागू लागले आहे, आणि त्यांत गिरगिट म्हणजे शॅमेलिऑन याचे आकर्षण फार. आखाती देशांत नोकरी करणारी आपली मुले तिथे तो पाळलेला पाहतात. सुट्टीवर आली की इथले तरुण त्यांना विचारतात की हा धंदा आपल्याकडे कसा चालेल. हाच प्रश्न आम्हालाही विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर या पानावर देत आहोत.

आमचे मत असे आहे. गिरगिट विकणाऱ्याने प्राण्याबरोबर त्याला जगवण्याची माहितीही दिली पाहिजे, आणि तीही लेखी. ज्याच्याकडे ती माहिती नाही त्याने हा सौदा करू नये. आणि आपल्या देशात हा धंदा करू इच्छिणाऱ्याने भांडवल गुंतवण्याआधी कायदा वाचावा, कारण इथे केवळ पैसा बुडण्याची भीती नाही, तुरुंगाचीही आहे.

नावाचा घोटाळा

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून एका शब्दाचा खुलासा आधी करतो. आपल्या मोहल्ल्यांत गिरगिट दिसला की मुले दगड घेऊन धावतात, आणि मोठी माणसे त्यांना अडवत नाहीत. याचे कारण असे की हदीसमध्ये 'वजग' नावाच्या प्राण्याला मारण्याचा उल्लेख आहे, आणि उर्दू भाषांतरांत या शब्दाचा अर्थ कुठे छिपकली तर कुठे गिरगिट असा दिला गेला. अरबी भाषेत मात्र रंग बदलणाऱ्या या प्राण्याला 'हिरबा' असा वेगळा शब्द आहे. इ. स. १४०५ मध्ये वफात पावलेले अल्लामा दमीरी यांनी 'हयातुल हयवान' या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वजग आणि हिरबा यांच्या वेगवेगळ्या नोंदी केल्या आहेत. मसला काय आहे ते उलेमांनी सांगावे, तो आमचा अधिकार नाही. पण भाषांतरातील एका शब्दामुळे हजारो मुक्या जिवांवर दगड पडत असतील, तर त्या शब्दाची चौकशी तरी व्हावी.

आपल्या महाराष्ट्रात आढळणारा गिरगिट, ज्याला काही भागांत घोयरा म्हणतात, तो विषारी आहे असा समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा आहे. गिरगिटाच्या कोणत्याही जातीत विष नाही. तो किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा फायदाच करतो.

जगभरच्या घरांत जो गिरगिट सर्वांत जास्त पाळला जातो तो यमनी गिरगिट. त्याचे मूळ वतन यमन आणि त्याला लागून असलेला सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग, म्हणजे असीर. डोक्यावर उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, आणि नर शेपटीसह दीड ते दोन फूट लांब. नीट सांभाळला तर नर पाच ते आठ वर्षे जगतो, मादी त्याहून कमी. अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येते, आणि मोठी गफलत इथेच होते. हा प्राणी वाळूतला नाही, झाडावरचा आहे. यमनच्या पश्चिमेकडील डोंगरांत पाऊस पडतो, धुके उतरते, उतारांवर पायऱ्यांची शेती आहे. त्याला दिवसा ऊन, रात्री गारवा, पानांवर पाणी आणि वाहती हवा लागते. पुढे जे सांगतो आहोत ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

पाणी

सर्वांत जास्त गिरगिट भुकेने नव्हे, तहानेने त्रासतात, आणि तेही पाण्याची वाटी समोर भरलेली असताना. गिरगिट वाटीतले स्थिर पाणी बहुधा ओळखतच नाही. तो पानावरचा हलता, चमकता थेंब चाटतो. म्हणून दिवसातून किमान दोन वेळा, सकाळी आणि दुपारनंतर, झाडाच्या पानांवर फवारा मारावा लागतो, किंवा वरून थेंब थेंब पाणी पडेल अशी व्यवस्था करावी लागते. एका फवाऱ्याने काम होत नाही. फवारल्यावर थोडा वेळ गेल्यावरच तो प्यायला लागतो. दोन फवाऱ्यांच्या मधे पिंजरा वाळला पाहिजे. सतत ओल राहिली तर बुरशी धरते आणि फुप्फुसाचा विकार होतो.

तहान ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. डोळे आत गेलेले दिसले की पाणी कमी पडते आहे. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तो पांढराच असावा. तो गडद पिवळा किंवा नारिंगी झाला तर शरीर सुकत चालले आहे असे समजावे. आखाती देशांत घरे दिवसरात्र वातानुकूलित असतात. त्या कोरड्या हवेत तर याकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते.

खुराक

गिरगिट जिवंत, हलणारे किडे खातो. रातकिडे, टोळ, खास पैदास केलेली झुरळे आणि रेशमाच्या अळ्या हा त्याचा मुख्य खुराक. आम्ही कापडवाले रेशमाचा किडा धाग्यासाठी ओळखतो. पण तुतीच्या पानांवर वाढलेली ही मऊ अळी गिरगिटासाठी फार चांगले अन्न मानली जाते. मेणअळी चरबीची असते, ती क्वचितच द्यावी. यमनी गिरगिट पालाही खातो, म्हणून पिंजऱ्यात जास्वंदासारखे निर्धोक झाडच ठेवावे. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर औषध फवारलेले असते. ते नीट धुऊन, काही दिवस बाहेर ठेवूनच आत न्यावे.

मापाचा नियम सोपा आहे. गिरगिटाच्या दोन डोळ्यांमध्ये जितके अंतर, त्याहून मोठा किडा देऊ नये. पिल्लांना रोज, बारीक किडे पोटभर द्यावेत. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला एक दिवसाआड चार-सहा किडे साधारण पुरतात. तो जिभेचा फटका मारून शिकार करतो हे पाहायला मजा येते, म्हणून घरातली मुले दिवसभर खाऊ घालतात. हा लाड त्याला मारतो. लठ्ठपणा आणि यकृताचे विकार यातूनच होतात. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नयेत; ते झोपलेल्या गिरगिटालाच कुरतडतात.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. किडा म्हणजे पिशवी आहे. पिशवीत जे भरले असेल तेच गिरगिटाच्या पोटात जाते. उपाशी, डब्यात पडून राहिलेला रातकिडा म्हणजे रिकामी पिशवी. म्हणून किड्यांना आधी दिवसभर हिरवा पाला, गाजर, भोपळा यांवर ठेवावे, मग गिरगिटाला द्यावे. त्यातही रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. ही तूट भरून काढण्यासाठी किड्यांवर फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. ड जीवनसत्त्व असलेली पूड आणि इतर जीवनसत्त्वांची पूड मात्र महिन्यातून एक-दोन वेळाच, कारण ही जीवनसत्त्वे अति झाली तरी प्राणी आजारी पडतो. औषधाचा डोस दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही, हे माणसाला लागू आहे तसे प्राण्यालाही.

बागेतले किडे पकडून घालण्याचा मोह टाळावा. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकते. आणि काजवा तर चुकूनही देऊ नये. काजव्यांच्या काही जातींत असे विष असते की एकच काजवा सरड्याचा जीव घेऊ शकतो.

ऊन आणि घर

हाडे मजबूत होण्यासाठी कॅल्शियम पुरेसे नाही, ऊन लागते. उन्हातल्या ज्या किरणांना दुकानदार यूव्हीबी म्हणतात, ते अंगावर पडले तरच शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि कॅल्शियम हाडात जाते. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत. म्हणून घरात पाळायचा तर यूव्हीबीचा खास दिवा रोज दहा ते बारा तास लागतो. हे दिवे सहा महिने ते वर्षभरात कमजोर होतात. दिवा डोळ्यांना पहिल्यासारखाच पेटलेला दिसतो, पण त्यातली ती किरणे गेलेली असतात. तो वेळेवर बदलला नाही तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदी पकडता येत नाही, जीभ नीट सुटत नाही. पाळलेल्या गिरगिटांचा हा सर्वांत ओळखीचा आजार आहे आणि जवळजवळ नेहमी तो माणसाच्या हलगर्जीपणातून होतो.

याशिवाय शेकायला एक उबदार जागा हवी, सुमारे तीस ते पस्तीस अंश. बाकी पिंजरा पंचवीसच्या आसपास, आणि रात्री त्याहून गार. दिवा जाळीच्या बाहेर असावा, नाहीतर अंग भाजते. रात्री सगळे दिवे बंद. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ दाखवणे उत्तम, पण अर्धी सावली ठेवून आणि जाळीच्या पिंजऱ्यात. काचेच्या पेटीत उन्हात ठेवणे म्हणजे भट्टीत ठेवणे आहे.

एका प्रौढ यमनी गिरगिटाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच एवढा जाळीचा पिंजरा हवा. एका पिंजऱ्यात एकच प्राणी. गिरगिट एकटा राहणारा आहे. दुसरा गिरगिट समोर दिसणे, आरशात स्वतःची प्रतिमा दिसणे, हेही त्याला लढाईचे आव्हान वाटते. त्याला वारंवार हातात घेणे, खांद्यावर बसवून फोटो काढणे हा त्याच्यासाठी छळ आहे.

मादीच्या बाबतीत एक गोष्ट विकणाऱ्याने लपवता कामा नये. यमनी गिरगिटाची मादी नराशिवायही अंडी घालते, एका खेपेस तीस ते साठ, कधी त्याहूनही जास्त. अंडी घालण्यासाठी तिला ओलसर वाळू-मातीने भरलेली, निदान एक फूट खोल कुंडी लागते. ती नसेल तर अंडी पोटात अडकून मादी मरते. फाजील खुराक दिला की अंड्यांची संख्या वाढते आणि तिचे आयुष्य घटते. नर-मादी ओळखणे कठीण नाही: नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून छोटा काटा असतो, मादीला नसतो. तेव्हा गिऱ्हाइकाला काय देत आहोत ते माहीत नव्हते, ही सबब विकणाऱ्याला चालणार नाही.

रंगाचा बाजार

लोक गिरगिट घेतात ते रंगासाठी. आपल्याकडे शब्द फिरवणाऱ्या माणसाला सरड्याची उपमा देतात. पण हा प्राणी फसवण्यासाठी रंग बदलत नाही. त्याचा रंग बदलतो तो मुख्यतः ऊन, भीती, राग आणि जोडीदाराची चाहूल यांमुळे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करच्या गिरगिटावर अभ्यास करून दाखवले की त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात, आणि त्या स्फटिकांमधले अंतर कमीजास्त झाले की परतणारा प्रकाश वेगळ्या रंगाचा दिसतो. कापडवाल्यांना हे पटकन समजेल. धूपछाँव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. कापड हलले की रंग फिरतो, नवा रंग कोणी ओतत नाही. गिरगिटाची करामत याहून बारीक आहे, पण त्यातही प्रकाशाचाच खेळ मोठा.

मग विकणारा काय करू शकतो? दोन नर समोरासमोर ठेवले की दोघांचे रंग भडक होतात. गिऱ्हाईक खूश होते. प्रत्यक्षात ते दोन प्राणी भीतीने आणि रागाने पेटलेले असतात. घरी नेल्यावर रंग मावळतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, आपण फसलो. दुकानाच्या दिव्याखाली कापडाचा रंग वेगळा दिसतो, म्हणून जाणते गिऱ्हाईक थान दाराशी उजेडात नेऊन पाहते. इमानदार दुकानदार स्वतःच नेऊन दाखवतो. गिरगिटही तसाच, शांत असताना दाखवावा. सतत काळपट रंग, दिवसा मिटलेले डोळे, जमिनीवर पडून राहणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे या आजाराच्या खुणा आहेत. असा प्राणी विकायचा नसतो, सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार असलेल्या पशुवैद्याकडे न्यायचा असतो.

घरातल्या माणसांची सुरक्षितता

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी पूर्ण निरोगी दिसत असला तरी. त्यातून माणसाला जुलाब आणि ताप येतो, आणि लहान मुले, म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया यांना धोका जास्त. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीला बंदी आहे. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये, त्याची भांडी जेवणाच्या भांड्यांबरोबर धुऊ नयेत, प्राण्याला किंवा पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मूल ज्या घरात आहे, तिथे हा प्राणी न नेलेलाच बरा.

कायदा काय म्हणतो

आता आपल्या देशाकडे येऊ. आपला इथला गिरगिट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. शेताच्या बांधावरून उचलून आणला, कोणाचा नव्हता, ही सबब चालत नाही. तेव्हा इथला गिरगिट हा व्यापाराचा माल नाहीच; तो दिसला तर झाडावर जाऊ द्यावा.

परदेशी गिरगिटांचे वेगळे नियम आहेत. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स नावाचा करार आहे. तो १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला, १९७५ पासून लागू झाला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. यमनी गिरगिट त्याच्या दुसऱ्या यादीत आहे, म्हणजे कागदपत्रांशिवाय तो एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. आपला वन्यजीव कायदा २०२२ साली सुधारला गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून ती सुधारणा अमलात आली. त्यानुसार अशा परदेशी प्राण्याची नोंदणी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंदणी परिवेश या सरकारी पोर्टलवर होते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली, तो मेला, तर तेही कळवावे लागते. पैदास करायची तर वेगळा परवाना लागतो. शिवाय २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राण्यांच्या दुकानाची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे हवी.

आखातातून येणाऱ्या मुलांना आम्ही विशेष सांगतो: कोणाच्या सांगण्यावरून बॅगेत असा प्राणी घेऊन येऊ नका. विमानतळावर सामानात परदेशी प्राणी सापडल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर येतात. माल पाठवणारा पकडला जात नाही. पकडले जाते ते बॅग उचलणारे पोर, आणि त्याच्याबरोबर त्याची नोकरीही जाते. मोबाईलवर फोटो टाकून, कागद न दाखवता प्राणी विकणाऱ्याकडून घेणेही तितकेच धोक्याचे आहे.

हे नियम उगाच झालेले नाहीत. जगात गिरगिटाच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करात. तिथून जंगलातले गिरगिट इतके उपसले गेले की १९९५ साली साइट्सने चार जाती सोडून तिथल्या बाकीच्या गिरगिटांचा व्यापार थांबवण्याची शिफारस केली. दुसरे उदाहरण हवाई बेटांचे. १९७२ साली केनियातून तीन शिंगांचे गिरगिट तिथे विक्रीसाठी आले. प्रवासाने थकले म्हणून दुकानदाराने त्यांना आपल्या अंगणात मोकळे सोडले. ते पसरले, आणि आज तिथल्या अनेक बेटांवर आहेत. ज्या किड्यांना आणि गोगलगायींना असा शत्रू कधी माहीतच नव्हता, त्यांना ते खात आहेत. त्या दुकानदाराच्या मनात बहुधा दयाच होती. पण माहिती नसताना केलेली दयाही दुसऱ्याचे घर उजाडते. यमनी गिरगिटही असाच सुटून अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात वस्ती करून राहिला आहे. म्हणून पाळलेला प्राणी कंटाळा आला की बाहेर सोडणे, हा मार्ग नाही.

दोन हरकती

आम्ही हे बोलू लागलो की काही बंधू दोन हरकती घेतात.

पहिली अशी की गिऱ्हाईक सज्ञान आहे, त्याने स्वतः चौकशी करावी. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओल लागली, तो प्रसंग आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकला आहे. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी त्याला विचारले ते हे की ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. म्हणजे दोष शोधून काढणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी धरली नाही. तो वर आणून दाखवणे ही विकणाऱ्याची धरली. गिरगिटाच्या सौद्यात दिव्याचा खर्च, किड्यांचा खर्च, मादीच्या अंड्यांचा धोका हे सगळे ढिगाच्या आतले ओले धान्य आहे.

दुसरी हरकत अशी की एवढे सांगितले तर माल विकलाच जाणार नाही. कदाचित निम्मा विकला जाणार नाही. पण तो निम्मा कोणाच्या घरी जाणार होता? ज्याला पिंजरा आणि दिवा प्राण्याहून महाग पडतो हे घरी गेल्यावर कळणार होते, त्याच्या घरी. त्याचा प्राणी मेला असता, तो दुकानाची बदनामी करत फिरला असता, आणि पुन्हा कधी आला नसता. उलट ज्याने सगळे ऐकून प्राणी नेला, तो वर्षानुवर्षे किडे, पूड, दिवे न्यायला येत राहतो. या धंद्यातली कमाई प्राण्याच्या एका विक्रीत नाही, त्याच्या लांब आयुष्यात आहे. ज्याचा प्राणी जगतो त्याचे दुकान जगते.

प्राणी पिंजऱ्यात ठेवणेच गैर आहे, असेही काही जण म्हणतात. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ खेळायला एक लहान पक्षी होता, आणि प्रेषितांनी त्याला मना केले नाही, यावरून उलेमांनी पाळण्याची मुभा काढली आहे. पण त्याच हदीस-संग्रहांत त्या स्त्रीचाही उल्लेख आहे जिने मांजर बांधून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतः किडेमकोडे शोधून खावेत म्हणून सोडलेही नाही; त्याची शिक्षा तिला मिळाली. मुभा आहे, पण बांधले की खाऊ घालणे फर्ज होते. सौद्याच्या मसल्याबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी मुफ्तीसाहेबांना विचारावे. 'हिदाया'सारख्या हनफी ग्रंथात रेशमाचा किडा आणि मधमाशी यांच्या विक्रीवरही मतभेदांसह चर्चा आहे. छोट्या जिवांच्या सौद्याचा विचार करणे आपल्याकडे नवे नाही.

आमची सूचना

जिथे हा व्यापार कायदेशीर आहे आणि आपले बंधू तो करतात, तिथे त्यांनी प्रत्येक प्राण्याबरोबर एक छापील चिठ्ठी द्यावी, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा भाषेत. तीत जात, नर की मादी, अंदाजे वय, पैदास केलेला आहे की नाही, पाणी कसे द्यावे, कोणते किडे किती आणि कधी, कॅल्शियम केव्हा, दिवा कधी बदलावा, हात धुण्याची सूचना आणि आजाराच्या खुणा एवढे असावे. जंगलातून पकडलेला प्राणी घेऊ नये. त्याच्या पोटात जंत असतात आणि तो बहुधा पिंजऱ्यात टिकत नाही. एकट्या आलेल्या मुलाला विकू नये, घरच्या मोठ्या माणसाला बोलवावे. आणि सांभाळता न आल्यास प्राणी परत घेऊ, असे चिठ्ठीवर लिहावे. हे लिहायला ज्याचा हात धजत नाही, त्याने आपल्या मालावर आपलाच भरवसा नाही हे ओळखावे आणि दुसरा धंदा पाहावा. रोजीचे दरवाजे अल्लाहने पुष्कळ ठेवले आहेत.

इथल्या तरुणांना आमचा सल्ला आहे की आधी नोंदणी, परवाना आणि पशुवैद्य या तीन गोष्टींची पक्की माहिती काढा. ती मिळेपर्यंत एक रुपयाही गुंतवू नका. आणि मोहल्ल्यात गिरगिटामागे दगड घेऊन धावणारे मूल दिसले तर त्याचा हात धरा. त्यासाठी परवाना लागत नाही, भांडवलही लागत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात सचोटी आणि रोजीत बरकत देवो. आमीन.